हिमालयातील हिमनद्या : ‘२०३५’ चा वाद आणि तापमानवाढीचे पुरावे

जागतिक तापमानवाढीच्या पुराव्यांविषयी झालेल्या वादांमध्ये हिमालयातील हिमनद्यांच्या वादाला भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याहूनही लवकर, नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे विधान संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या, म्हणजेच आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात करण्यात आले होते. या विधानाला पुरेसा आधार नसल्याचे मंडळाने २० जानेवारी २०१० रोजी मान्य केले व खेद व्यक्त केला. त्यानंतर तापमानवाढीविषयी शंका घेणाऱ्यांनी या चुकीचा वारंवार दाखला दिला. चूक गंभीर होती. परंतु तापमानवाढीचा सिद्धान्त त्या विधानावर उभा नव्हता.

वादाची सुरुवात

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये हिमनद्यांविषयी एक चर्चात्मक निबंध प्रसिद्ध केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांनी तो लिहिला होता. हिमनद्या मागे हटत असल्या तरी हा वेग असाधारण नाही आणि त्याचा संबंध थेट तापमानवाढीशी जोडणे घाईचे ठरेल, असे त्यात म्हटले होते. गंगोत्री हिमनदीचे मुख २००७ ते २००९ या काळात जवळजवळ स्थिर असल्याची नोंदही त्यात होती. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी या निबंधाच्या आधारे आयपीसीसीच्या दाव्याला आव्हान दिले. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी निबंधावर कठोर शब्दांत टीका केली.

चूक कशी घडली

हे विधान मंडळाच्या दुसऱ्या कार्यगटाच्या अहवालातील आशियाविषयक प्रकरणात होते. त्यासाठी वर्ल्ड वाइड फंड या संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा आधार घेण्यात आला होता. त्या अहवालाने ‘न्यू सायंटिस्ट’ या नियतकालिकातील १९९९ च्या वृत्ताचा हवाला दिला होता. या साखळीत तज्ज्ञांनी तपासलेला एकही शोधनिबंध नव्हता.

त्याच परिच्छेदात हिमनद्यांचे क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल, असाही उल्लेख होता. हेच आकडे रशियन हिमनदीतज्ज्ञ व्ही. एम. कोतल्याकोव्ह यांच्या १९९६ च्या अहवालात आढळतात. मात्र ते ध्रुवप्रदेशांबाहेरील जगभरच्या हिमनद्यांविषयी आहेत आणि तेथे वर्ष २३५० असे आहे. हिमालयातील हिमनद्यांचे क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरच्या दशांशही नाही. कॅनडातील हिमनदीतज्ज्ञ ग्रॅहम कॉगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी उघड केली.

तापमानवाढ निर्विवाद असल्याचा निष्कर्ष पहिल्या कार्यगटाने स्वतंत्रपणे काढला होता. हवेचे व महासागरांचे तापमान, बर्फाच्छादनातील घट आणि समुद्रपातळीतील वाढ यांच्या नोंदी त्यामागे होत्या. २०३५ चा उल्लेख धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशातही नव्हता. पुढे विविध देशांच्या विज्ञान अकादमींच्या संयुक्त परिषदेने मंडळाच्या कार्यपद्धतीचा आढावा घेतला आणि ऑगस्ट २०१० मध्ये परीक्षणाचे नियम अधिक काटेकोर करण्याची शिफारस केली.

लांबी आणि वस्तुमान

या वादातून मोजमापाचा मूलभूत प्रश्न पुढे आला. हिमनदीचे मुख कोठे आहे, एवढ्यावरून तिची स्थिती ठरत नाही. गंगोत्रीसारख्या सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या हिमनदीच्या मुखावर हवामानातील बदलाचा परिणाम दिसण्यास अनेक दशके लागू शकतात. दगडमातीच्या जाड थराखाली असलेल्या हिमनदीचे मुख जागेवर राहते. बर्फाची जाडी मात्र कमी होत जाते.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अहमदाबाद येथील उपयोग केंद्राच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ ते २०११ या काळात पाहणी केलेल्या २०१८ हिमनद्यांपैकी १७५२ हिमनद्यांची मुखे स्थिर, २४८ मागे हटलेली आणि १८ पुढे सरकलेली आढळली. या हिमनद्यांमध्ये काराकोरमचाही समावेश होता. तेथील अनेक हिमनद्या स्थिर आहेत किंवा काही काळ वाढल्याही आहेत, ही बाब संशोधकांना आधीपासून परिचित होती.

जाडीच्या मोजमापाने वेगळे चित्र समोर आले. अमेरिकेच्या जुन्या टेहळणी उपग्रहांची गोपनीयता उठवलेली छायाचित्रे वापरून हिमालयाच्या सुमारे २००० किलोमीटर पट्ट्यातील ६५० हिमनद्यांचा अभ्यास करण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार १९७५ ते २००० या काळात बर्फाची सरासरी वार्षिक घट पाण्याच्या मापाने सुमारे २२ सेंटीमीटर होती; २००० ते २०१६ या काळात ती सुमारे ४३ सेंटीमीटर झाली. तापमानातील वाढ हेच या वेगवाढीचे मुख्य कारण असल्याचे संशोधकांनी म्हटले आहे.

पुढील चित्र

काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतविकास केंद्राच्या २०१९ च्या अहवालानुसार, तापमानवाढ दीड अंश सेल्सिअसपर्यंत रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील एकतृतीयांश हिमनद्या या शतकाअखेर नष्ट होतील. उत्सर्जन रोखले नाही, तर हे प्रमाण दोनतृतीयांशांपर्यंत जाऊ शकते. याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात हिमनद्यांची घट आधीच्या दशकाच्या तुलनेत ६५ टक्के अधिक वेगाने झाली.

नद्यांवरील परिणाम सर्वत्र सारखा राहणार नाही. गंगेच्या प्रवाहात मोसमी पावसाचा वाटा मोठा आहे. सिंधू खोरे वितळणाऱ्या हिम व बर्फावर अधिक अवलंबून आहे. वितळण्याचा वेग वाढल्यावर नद्यांचे पाणी प्रथम वाढते आणि बर्फाचा साठा घटल्यानंतर ते कमी होऊ लागते. हिंदुकुश-हिमालयाच्या बहुतेक खोऱ्यांत ही वाढ शतकाच्या मध्याच्या सुमारास कमाल पातळी गाठेल, असा अंदाज आहे. त्यामुळे २०३५ हे वर्ष चुकीचे ठरले असले, तरी या खोऱ्यांतील पाण्याच्या नियोजनासाठी फार मोठा अवधी शिल्लक नाही.