गिअर पडत नाही!

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे ज्या यंत्राला झेंडूची माळ घालतात, त्याच यंत्राला वर्षाचे उरलेले दिवस लाथा मारतात. फटफटीच्या नशिबी हा दुहेरी मान पहिल्यापासून आहे. लाथ मारली की ती सुरू होते आणि आणखी एक मारली की तिचा गिअर बदलतो. मात्र एखाद्या दिवशी ती हट्टाला पेटते. मागून मोटारींचे कर्णे वाजू लागतात, पाठीशी बसलेली मंडळी "काय झालं हो?" असे विचारू लागतात आणि गाडीचे मालक कपाळावरचा घाम पुशीत एकच वाक्य उच्चारतात, "गिअर पडत नाही!"

या तीन शब्दांच्या तक्रारीमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. प्रत्येक पिढीतल्या कल्पक माणसांनी ती कायमची मिटवण्यासाठी काही ना काही युक्ती काढली; आणि प्रत्येक वेळी अडचण नाहीशी न होता जागा बदलून दुसरीकडे जाऊन बसली. तिची नवी जागा ज्या मिस्त्रीला ठाऊक असते, तो पाच मिनिटांत गाडी हाती देतो. ज्याला ठाऊक नसते, तो सगळे इंजिन उकलून फडक्यावर मांडून ठेवतो, आणि त्या फडक्यावर घरातला महिन्याचा किराणाही मांडला जातो. म्हणून हा इतिहास केवळ हौशी लोकांपुरता नाही.

मुळात गिअर हवा कशाला? पेट्रोलच्या इंजिनाला बळ येते ते वेगाने फिरू लागल्यावर. सावकाश फिरवले तर ते गुदमरते. बैल चढावर पाऊल जपून टाकतो, पण ओढतो तितक्याच नेटाने. इंजिनाला ही कला साधत नाही. त्याला आपल्या वेगाने फिरू द्यायचे आणि चाकाला मात्र हळू फिरवायचे, ही मधली तडजोड म्हणजे गिअर. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या फटफट्यांना ही तडजोड माहीत नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक चामड्याचा पट्टा, आणि गिअर एकच. चढ आला की स्वाराने सायकलसारखे पायडल मारायचे, तेही पुरेना तर खाली उतरून गाडीबरोबर धावायचे. पावसात पट्टा घसरे, तो भाग निराळा.

इंग्लंडातल्या झेनिथ कंपनीच्या फ्रेडी बार्न्स यांनी १९०७-०८ च्या सुमारास यावर तोड काढली. पट्टा ज्या कप्पीवरून फिरतो तिच्या दोन बाजू जवळ-दूर करता येतील अशी त्यांनी सोय केली. टाकीजवळचा दांडा जात्यासारखा फिरवला की कप्पी लहानमोठी होई आणि पट्टा ताठ राहावा म्हणून मागचे चाकही पुढेमागे सरके. गाडी चढावर इतकी सरस ठरू लागली की काही शर्यतींत तिला मज्जावच झाला, आणि कंपनीने हा मज्जाव मोठ्या अभिमानाने आपल्या बोधचिन्हावर मिरवला! याच सुमारास, १९०८ मध्ये, आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी दोन साखळ्यांची दोन गिअरची गाडी बाजारात आणली. तिचा गिअर टाच आणि चवडा यांनी मागेपुढे दाबायच्या पट्टीने बदलत असे. आज टाचेने गिअर टाकणाऱ्या आपल्या मंडळींचा हा आद्य पूर्वज म्हणायला हरकत नाही.

पुढे दातेरी चक्रांची पेटी, म्हणजे खरा गिअरबॉक्स, रूढ झाला. हळूहळू त्यातील चक्रांच्या जोड्या कायमच्या एकमेकींत अडकवून ठेवण्याची पद्धत आली. कोणती जोडी कामाला लावायची हे चक्रांच्या अंगावरचे जाड दात ठरवतात. इंग्रजीत त्यांना 'डॉग' म्हणतात, आणि चावा घेऊन सोडायचे नाही हाच त्यांचा धर्म. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे दात समोरच्या खाचेसमोर आले तरच आत शिरतात. गाडी उभी आणि इंजिन बंद असताना गिअर पडला नाही, तर पुष्कळदा तो बिघाड नसतोच. दात दातावर येऊन थांबलेला असतो. गाडी वीतभर पुढेमागे ढकलली की खट्‌कन गिअर पडतो. लाथ मारून मात्र आतला पातळ फोर्क वाकतो, आणि नसलेला बिघाड आपण स्वतःच्या पायाने निर्माण करतो.

त्या काळी गिअरचा दांडा टाकीशेजारी असे. एक हात हँडलवरून काढून तो ओढावा लागे. खडबडीत रस्त्यावर हे जिवावरचे काम. पायाने गिअर बदलण्याचे प्रयोग झाले, पण प्रत्येक गिअरची जागा पायाला अंदाजाने शोधावी लागे. बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कंपनीतील हॅरोल्ड विलिस यांनी १९२८ च्या सुमारास शर्यतीच्या गाडीसाठी त्याची किल्ली शोधली. दांडा एकदा दाबला की बरोबर एकच गिअर बदलायचा आणि सोडला की पुन्हा मूळ जागी यायचे. आज जगातली बहुतेक प्रत्येक गिअरची मोटारसायकल याच तत्त्वावर चालते. अडचण पायातून गेली खरी, पण ती एका छोट्या स्प्रिंगमध्ये जाऊन बसली. दांडा दाबल्यावर वर येत नसेल, लोंबकळत राहत असेल, तर संशय प्रथम त्या स्प्रिंगवर घ्यावा. दोष तिच्यात असेल, तर बहुतेक गाड्यांत बाजूचे झाकण काढून काम भागते; गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

पुढचे गाऱ्हाणे न्यूट्रलचे. सिग्नलला उभे राहावे, पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात पाय नाचवावा, पण मधले न्यूट्रल काही सापडू नये! १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट आपल्याकडे रुजली. तिच्या गिअरबॉक्सवर न्यूट्रल गाठण्यासाठी एक वेगळा दांडाच दिलेला असे. पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून तो दाबला की थेट न्यूट्रल. ज्या अडचणीसाठी कारखानदाराला स्वतंत्र दांडा बसवावा लागतो, ती काही स्वाराच्या अडाणीपणातून आलेली नसते. न्यूट्रल न सापडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे क्लच पुरता सुटत नाही हे. क्लचची वायर ताणून सैल झाली की मूठ दाबूनही प्लेटा एकमेकींना थोड्या धरूनच राहतात, आणि आतले दात मोकळे होत नाहीत.

१९६१ मध्ये म्हैसूरला जावा गाड्यांचा कारखाना सुरू झाला. या मूळच्या चेक गाडीत एकच दांडा किकचेही काम करी आणि गिअरचेही. शिवाय तो दाबताच क्लच आपोआप सुटे. सोय झाली, पण क्लचची जुळणी चुकली की दोष गिअरवर येई.

आपल्या घरांत मात्र खरी शिरली ती स्कूटर. इटलीत १९४६ मध्ये जन्मलेल्या व्हेस्पाच्या उत्पादनाचा परवाना बजाज यांना १९५९ मध्ये मिळाला. पुढे पुण्याजवळच्या आकुर्डीला कारखाना उभा राहिला आणि १९७२ मध्ये चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तेव्हा कुठे स्कूटर दारात येई. पुढे उभे पोर, मागे मांडीवर तान्हे घेतलेली आई आणि मध्ये वडील अशी सारी गृहस्थी तिच्यावर बसे. तिचा गिअर डाव्या मुठीत. मूठ वळवली की दोन वायरी खाली पेटीपर्यंत निरोप नेत. वायरी सैल झाल्या की निरोप चुकीचा पोचे: मुठीवर दिसे दुसरा आणि आत असे भलतेच. त्यावर औषध म्हणजे वायरींच्या टोकाचे स्क्रू थोडे फिरवून ताण सारखा करणे. पण चढावर ऐन जोरात गिअर आपण होऊन सुटत असेल, तर गोष्ट निराळी. आत फुलीच्या आकाराचा एक तुकडा गिअरला धरून ठेवतो. त्याची टोके झिजली म्हणजे इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसे. गृहस्थी स्कूटरवर असताना घाटात असे होणे किती भयंकर, हे सांगायला नको.

याच काळात जपानात सोइचिरो होंडा आणि त्यांचे भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी वेगळाच विचार केला. त्यांच्या डोळ्यांसमोर होता सोबा नावाच्या शेवयांची ताटे एका हातावर तोलून घरोघर पोचवणारा पोऱ्या. त्याला क्लच दाबायला दुसरा हात कुठून आणायचा? म्हणून १९५८ च्या सुपर कबमधून क्लचची मूठच काढून टाकली. वेग वाढला की क्लच आपोआप पकडी, आणि गिअरचा दांडा दाबला की सुटे. २०१७ पर्यंत या गाड्यांची संख्या दहा कोटींवर गेली. तरीही अडचण संपली नाहीच. इंजिन उभ्या जागी जास्त वेगाने फिरत ठेवले तर क्लच सुटतच नाही, मग पहिला गिअर धाडकन पडतो आणि गाडी उडी घेते. अशा वेळी प्रथम इंजिनाचा तो संथ वेग कमी करावा. मग क्लचच्या झाकणावरचा जुळणीचा स्क्रू पाहावा. त्याचा फेर पूर्ण नव्हे, अंशाअंशाने मोजायचा असतो.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि लहान चार-स्ट्रोक मोटारसायकल गावोगाव पोचली. तिच्यात इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना एकच तेल. म्हणजे अडचणीने आता तेलात घर केले. तेल जुने, काळे आणि कमी झाले की गिअर जड पडतो. मोटारीचे अतिगुळगुळीत तेल घातले की क्लचच्या प्लेटा घसरतात. म्हणून डब्यावर मोटारसायकलसाठीचा 'जासो एमए' हा शिक्का पाहून तेल घ्यावे.

आता हा सारा इतिहास उलट्या बाजूने वाचला की मिस्त्रीची उत्तम पद्धत हाती येते: बाहेरून आत जायचे. प्रथम दांडा हलवून पाहावा. तो आपल्या शाफ्टवर सैल आहे काय, पडल्यामुळे वाकून झाकणाला घासतो काय? नंतर क्लचची मूठ. तिच्या टोकाशी साधारण दहा ते वीस मिलिमीटर मोकळी चाल हवी. मग तेल. मग साखळी, कारण फार ताणलेली किंवा फार लोंबणारी चेनही गिअरला झटके देते. त्यानंतर क्लचच्या प्लेटा, मग झाकणाआडची स्प्रिंग, आणि हे सारे निर्दोष ठरले तरच सर्वांत शेवटी फोर्क आणि दात. पहिल्या चार गोष्टींना पाना, पकड आणि थोडा धीर एवढेच लागते. जो मिस्त्री या क्रमाने जातो, तो आपले पैसे वाचवतो. जो शेवटापासून सुरुवात करतो, त्याला नम्रपणे थांबवावे.

गंमत अशी की १९८० च्या दशकात किनेटिक होंडासारख्या बिनगिअरच्या स्कूटरी आल्या, तेव्हा त्यांच्या पोटात लहानमोठी होणारी कप्पी आणि तिच्यावरचा पट्टाच होता. बार्न्सच्या दांड्याचे काम आता आपोआप होऊ लागले, इतकेच. साडी नेसून, पर्स खांद्याला लावून नोकरीवर जाणाऱ्या कितीतरी भगिनींना या पट्ट्याने रस्ता मोकळा करून दिला. तो झिजला की गाडी चढावर पुन्हा धापा टाकते. २०२० मध्ये विजेवरची चेतक पुण्याच्या रस्त्यावर आली. तिला गिअरही नाही आणि हा पट्टाही नाही. अडचणीने आता बॅटरीत आणि तारांत बिऱ्हाड केले आहे.

यंदा पाडव्याला गाडी धुऊन तिला गंधफूल वाहाल, तेव्हा क्लचची वायरही एकदा बोटाने चाचपून पाहा आणि तेलाची कांडी उपसून बघा. देवाला नैवेद्य दाखवतो तसा यंत्रालाही दाखवायचा असतो. तिचा नैवेद्य तेलाचा.