कुरडयांसाठी सोऱ्या घेताय? आधी व्यास बघा

एप्रिल-मे आला की मौदा तालुक्यातल्या गच्च्यांवर कुरडया, म्हणजे आपल्याकडच्या कुरोड्या, वाळत पडतात. पूर्वी पायल्यांनी गहू भिजायचा, आता बऱ्याच घरांत एक-दोन किलोचाच घाट असतो. सोऱ्या ऑर्डर करायचं काम मात्र फोन ज्याच्या हातात त्याच्याकडे येतं. ॲपवर ढीगभर प्रकार दिसतात आणि आपण सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात चकचकीत निवडतो. त्याचा त्रास होतो तो दाबणाऱ्याच्या मनगटाला. म्हणून घेण्याआधी थोडं गणित करू.

सोऱ्या काम कसा करतो?

एक नळी, तिच्या तळाला भोकांची चकती आणि वरून दाबणारा दट्ट्या, एवढंच हे यंत्र. शिजलेला चीक घट्ट असतो, त्यामुळे बारीक भोकांतून बाहेर यायला त्याला दाब लागतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. नळी रुंद झाली की तेच बल जास्त जागेवर पसरतं आणि दाब कमी होतो.

समजा दोन्ही हातांनी तुम्ही 20 किलो वजनाइतका जोर लावताय:

- 5 सेंमी व्यासाची नळी: क्षेत्रफळ सुमारे 19.6 चौ. सेंमी, दाब दर चौ. सेंमीला साधारण 1 किलो.
- 7.5 सेंमी व्यासाची नळी: क्षेत्रफळ सुमारे 44 चौ. सेंमी, दाब जेमतेम 0.45 किलो.

व्यास फक्त दीडपट, पण तेवढाच दाब हवा असेल तर जोर सव्वादोन पट, म्हणजे 45 किलो लागेल. वर चीक गरम असतानाच घालावा लागतो. तो थंड होत गेला की स्टार्च घट्ट धरतो आणि पुढची प्रत्येक कुरडई आणखी जड जाते.

दाबायचा की फिरवायचा?

*हाताने दाबायचा:* पटकन भरतो, पटकन रिकामा होतो. चीक, शेव, चकली सगळ्याला चालतो. यात अरुंद नळीच घ्या, 5 सेंमीच्या आसपास.

*स्क्रूचा:* वरचा दांडा फिरवला की दट्ट्या खाली सरकतो. दांड्याची लांबी मध्यापासून 5 सेंमी आणि एका फेऱ्यात दट्ट्या 3 मिमी सरकत असेल, तर कागदावर जोर शंभरपट वाढतो. घर्षणात त्यातला बराच भाग जातो, तरीही काम पुष्कळ हलकं होतं. त्याची किंमत वेळात मोजावी लागते. 12 सेंमी उंचीची नळी रिकामी करायला 40 फेरे आणि दट्ट्या परत वर घ्यायला आणखी 40.

आता 2 लिटर चिकाचा हिशोब करा. 5 सेंमीच्या नळीत सुमारे 235 मिली मावतं, म्हणजे 9 वेळा भरणं आणि 720 फेरे. 7.5 सेंमीच्या नळीत सुमारे 530 मिली मावतं, म्हणजे 4 वेळा भरणं आणि 320 फेरे. म्हणून स्क्रूचा घेत असाल तर रुंद नळी फायद्याची. हाताच्या आणि स्क्रूच्या सोऱ्याचा नियम असा बरोबर उलटा आहे.

*पिस्तुलासारखा, खटका ओढायचा:* बिस्किटांच्या मऊ पिठाला ठीक. घट्ट चिकाला नको.

धातू कोणता?

कुरडईचा गहू तीनेक दिवस भिजतो, त्यामुळे चीक आंबट असतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट लागून राहिलं तर त्यावर हिरवट थर चढतो. घरात जुना पितळी सोऱ्या असेल तर वापरा, पण काम संपल्याबरोबर धुऊन कोरडा करा. ॲल्युमिनियमलाही आंबट मानवत नाही. स्टेनलेस स्टीलची ही कटकट नाही, शिवाय पितळ-ॲल्युमिनियमपेक्षा त्यातून उष्णता हळू जाते. तरी हातात फडकं हवंच. लाकडी सोऱ्या हाताला भाजत नाही, पण नीट वाळला नाही तर बुरशी धरतो.

चुंबक लावून स्टील ओळखायला जाऊ नका. स्टीलचे काही चांगले प्रकार चुंबकाला चिकटतात, काही चिकटत नाहीत, आणि पितळ-ॲल्युमिनियम तर कधीच चिकटत नाही.

तार मध्येच का तुटते?

नळीत अडकलेल्या हवेमुळे. गोव्यातलं चोरिस किंवा कुठलंही सॉसेज भरतानाही हीच अडचण येते. सॉसेज भरायचं घरगुती यंत्र म्हणजे मोठा सोऱ्याच: नळी, दट्ट्या, दात्यांच्या चाकांचा हँडल, आणि चकतीऐवजी तोटी. त्याच्या दट्ट्याला बऱ्याचदा हवा निघायची झडप असते. आपल्या सोऱ्याला ती नसते, म्हणून चीक थोडा थोडा घालून चमच्याने दाबत भरा.

ॲपवर काय तपासायचं?

1. आतला व्यास दिलाय का? नसेल तर समोरून काढलेला फोटो स्क्रीनवर मोठा करून पट्टीने मोजा. स्क्रीनवर नळीची उंची 9 सेंमी आणि रुंदी 3 सेंमी आली, आणि वर्णनात नळीची उंची 18 सेंमी लिहिली असेल, तर बाहेरचा व्यास 6 सेंमी. आतला त्याहून थोडा कमी.
2. फोटो असलेले रिव्ह्यू वाचा. "पीठ वर येतं" असं कुणी लिहिलं असेल तर दट्ट्या सैल आहे. गरम चीक वर आला की हात भाजतो.
3. चकत्या किती यापेक्षा हवी ती आहे का ते बघा. कुरडईची आणि चकलीची नक्की हवी.
4. स्क्रूच्या सोऱ्यात आटे धातूचे आहेत का? प्लास्टिकचे आटे घट्ट चिकाला लवकर झिजतात.

दुकानातून, अगदी इतवारीत जाऊन घेत असाल तर दट्ट्या नळीत घालून हलवून बघा. तो डगमगला तर दुसरा मागा.

थोडक्यात

एक-दोन किलोच्या घाटाला, दाबणाऱ्याच्या हातात जोर असेल तर 5 सेंमीचा स्टीलचा हाताचा सोऱ्या पुरेसा आहे. मनगट, खांदा दुखत असेल तर 7 सेंमीच्या आसपासचा, धातूच्या आट्यांचा स्क्रूचा घ्या. दोन्हीत उरलेला चीक झाकून मंद आचेवर ठेवा आणि थोडा थोडा भरा. आणि ऑर्डर करण्याआधी, दाबणार कोण आहे ते घरात विचारा.