वार आणि स्वभाव : एका संकेताचा इतिहास

१

चैत्र पौर्णिमेला हिंजवडीत म्हातोबाची यात्रा भरते आणि बगाडाची मिरवणूक वाकडच्या दिशेने निघते. ही पौर्णिमा कोणत्या वारी येईल, हे ठरवणे गावाच्या हाती नाही. ती मंगळवारी आली तर यात्रा मंगळवारी. त्याच गावाच्या शिवारात नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून उभ्या राहिलेल्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाला मात्र तिथी ठाऊक नाही. त्याला फक्त वार ठाऊक आहे. त्यामुळे यात्रेच्या मंगळवारी गावातील नोकरदार तरुणाला रजेचा अर्ज करावा लागतो. एकाच माणसाला एकाच दिवशी तिथीप्रमाणे भक्त आणि वाराप्रमाणे कर्मचारी असावे लागते. यांपैकी त्याचा ‘स्वभाव’ कोणता?

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. सोमवार जड, शुक्रवार हलका, शनिवार वाईट अशा वारांविषयीच्या धारणांवरून माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचा अंदाज बांधण्याची प्रवृत्ती जुनी आहे. या धारणा व्यक्तीच्या अंतरंगातून उगवतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. इतिहास हे गृहीतक डळमळीत करतो. तिथीला चंद्राचा, महिन्याला ऋतूचा थोडाफार आधार आहे. सात दिवसांच्या आवर्तनाला आकाशात प्रत्यक्ष दिसणारा कोणताच आधार नाही. वार हा निखळ संकेत आहे. आणि संकेत जितका निराधार, तितका तो नैसर्गिक भासावा यासाठी समाजाला अधिक अर्थ त्यात भरावा लागतो.

२

वेदांगज्योतिषात वार नाहीत. भारतीय कोरीव लेखांत वाराचा ठळक असा प्राचीन उल्लेख बुधगुप्ताच्या काळातील एरण येथील स्तंभलेखात येतो : गुप्त संवत् १६५, म्हणजे इ. स. ४८४, आषाढ शुद्ध द्वादशी, सुरगुरूचा दिवस अर्थात गुरुवार. वारांचा क्रम ज्या हिशेबातून निघतो, तो ग्रीक-रोमन जगाशी झालेल्या देवघेवीची खूण सांगतो. ग्रहांना मंदगतीकडून शीघ्रगतीकडे मांडले, की शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम येतो. दिवसाच्या चोवीस होरा या सात ग्रहांना क्रमाने वाटल्या तर तीन आवर्तने पूर्ण होऊन तीन होरा उरतात. म्हणून शनीच्या दिवसानंतरची पहिली होरा रवीची आणि त्यानंतरच्या दिवसाची चंद्राची येते. पहिल्या होरेचा स्वामी तोच दिवसाचा स्वामी. ‘होरा’ हा शब्दही मूळचा ग्रीक. सहाव्या शतकातील वराहमिहिर मात्र ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गाळून तो सिद्ध झाल्याची व्युत्पत्ती नोंदवतो. परक्या संकेताला आपल्या भाषेचा जन्मदाखला मिळवून देण्याचा हा लक्षणीय प्रयत्न म्हणता येईल.

पुढे हा संकेत पंचांगाच्या पाच अंगांपैकी एक झाला आणि पुण्यात तर तो भूमीवर उतरला. सातही वारांच्या नावांच्या पेठा या शहरात आहेत. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. त्या काळच्या इंग्रजी गणनेप्रमाणे दोन्ही दिवस शनिवारच होते. शनीची भीती बाळगणाऱ्या समाजाच्या सत्ताकेंद्राला शनीच्याच वाराचे नाव असावे, यातच वाराचा अर्थ एकजिनसी नसल्याचे सूचित होते. ‘शनिवारात राहतो’, ‘बुधवारात दुकान आहे’ असे पुणेकर म्हणतो तेव्हा काळाचे नाव स्थळाचे झालेले असते. त्या नावाला चिकटलेले गुणदोषही ग्रहाचे उरत नाहीत. ते वस्तीचे, जातीचे, धंद्याचे होतात.

३

वारावरून माणूस ओळखण्याच्या दोन पद्धती मराठी समाजात दिसतात. पहिली जन्मवाराची. जातकशास्त्राच्या दृष्टीने वार हा तसा दुबळा घटक. लग्न, राशी, ग्रहस्थिती यांच्या पुढे त्याचे मोल थोडे. पण ज्यांच्या घरी पत्रिका मांडली जात नसे, त्यांच्यापाशी बाळाच्या जन्माची नोंद म्हणून वारच असे. महाराष्ट्रातील अनेक आदिवासी समाजांत सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या किंवा सोमी, मंगळी, बुधी ही नावे त्यातून आली. ही नावे मुळात स्वभाव सांगत नाहीत. जन्माचा दिवस तेवढा जपून ठेवतात. पण हेच नाव शाळेच्या पटावर किंवा सावकाराच्या वहीत चढले, की ऐकणाऱ्याच्या मनात नावापाठोपाठ एक संपूर्ण माणूस उभा राहतो : अडाणी, भोळा, हुकमाचा. वाराने दिलेले नाव व्यक्तिमत्त्व घडवत नाही. त्या नावाविषयीची इतरांची अपेक्षा ते घडवू पाहते.

याला आफ्रिकेतील एक उदाहरण पडताळ्यासारखे आहे. घानातील अशांती समाजात मुलाला जन्मवाराचे नाव मिळते. सोमवारचा मुलगा शांत, बुधवारचा तापट अशी तेथे समजूत. मानसशास्त्रज्ञ गुस्ताव जाहोदा यांनी १९५४ साली कुमासी येथील बालगुन्हेगारीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बुधवारच्या मुलांचे प्रमाण माणसांवरील हल्ल्यांच्या गुन्ह्यांत अपेक्षेपेक्षा अधिक आणि सोमवारच्या मुलांचे एकूण गुन्ह्यांत कमी आढळले. याचा अर्थ बुधवारात काही विष आहे असा नव्हे. तापट म्हणून वाढवलेल्या मुलाचा ताप लवकर दिसतो, लवकर नोंदला जातो आणि कदाचित लवकर खराही होतो. धारणा येथे स्वभावाचे वर्णन करीत नाही. ती स्वभावाचे कारण होते.

४

दुसरी पद्धत श्रावणातल्या कहाण्यांची. तिच्याकडे मराठी समीक्षेने व्रतवाङ्मय म्हणून पाहिले, पण व्यक्तिचित्रणाची एक रीत म्हणून फारसे पाहिलेले नाही. आदितवारपासून शनिवारपर्यंत वारावारी वाचायच्या या कहाण्यांची रचना सी. ए. किंकेड यांनी १९१४ साली इंग्रजीत आणलेल्या संग्रहातही वारांच्या क्रमानेच राहिली. त्या संग्रहाची चित्रे एम. व्ही. धुरंधर यांची होती.

या कहाण्यांत कोणीही वारावर जन्मलेला नसतो. माणसाच्या दारात वार येऊन उभा राहतो. बुध-बृहस्पतीच्या कहाणीत मामा-भाचे भिक्षा मागतात आणि राजाच्या सुना हात रिकामे नसल्याची सबब सांगतात. पुढे दारिद्र्य येते, हात खरोखरच रिकामे होतात, आणि आता देण्यासारखे काही उरलेले नसते. धाकटी सून मात्र क्षमा मागून उपाय विचारते. शनिवारच्या कहाणीत शनी रोगी माणसाच्या रूपाने येतो. घरी एकटीच असलेली धाकटी सून त्याला तेल लावून न्हाऊ घालते, जेवू घालते, आणि घर भरते. शुक्रवारच्या कहाणीत गरीब बहिणीला जेवणावळीतून उठवणारा भाऊ तिच्या श्रीमंतीनंतर तिला मानाने बोलावतो; ती पानातील पक्वान्ने आपल्या दागिन्यांवर ठेवू लागते, कारण आमंत्रण त्यांनाच आहे हे तिला कळलेले असते.

तिन्ही ठिकाणी वार परीक्षकाच्या जागी आहे. स्वभाव कृतीतून प्रकट होतो आणि क्षमायाचनेने बदलूही शकतो. ज्योतिषाचा क्रूर शनी येथे न्हाऊ मागणारा पाहुणा झाला आहे. जन्मवाराच्या नावात माणूस बांधलेला राहतो. कहाणीत तो मोकळा असतो. ही मोकळीक निर्दोष नाही, हेही म्हटले पाहिजे : परीक्षा बहुधा सुनेची असते, आणि फळ मिळते ते सगळ्या घराला.

५

एकोणिसाव्या शतकात वाराला तिसरा अर्थ मिळाला, तो कामगाराचा. मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली झालेल्या सभांतून रविवारच्या पूर्ण विश्रांतीची मागणी पुढे आली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या प्रार्थनेचा दिवस होता. सत्यशोधक परंपरेतील लोखंड्यांच्या बाजूने मात्र तो खंडोबाचा वार म्हणून मांडला गेला, असे आवर्जून सांगितले जाते. एकाच वारात तीन अर्थ एकत्र आले. पण निर्णायक अर्थ चौथा होता. ज्याला स्वतःचा एकही दिवस नाही, त्याला ‘व्यक्तिमत्त्व’ असण्याची सोयही नाही. कहाणीतील सुनेचे हात आणि गिरणीतील कामगाराचे हात एकाच अर्थाने रिकामे नव्हते. फरक इतकाच, की कहाणी सुनेला दोष देते. लोखंड्यांनी दोष कामाच्या व्यवस्थेला दिला.

हिंजवडीच्या परिसरात हे सारे थर आजही शेजारी-शेजारी आहेत. पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या कारखानदारी पट्ट्यात विजेचा भार विभागण्याच्या धोरणातून गुरुवार हा सुट्टीचा वार रूढ झाला. तेथे दत्ताच्या उपवासाचा दिवस आणि यंत्रे थांबण्याचा दिवस एक झाले. भक्तीने नव्हे, विद्युत मंडळाच्या वेळापत्रकाने. संगणक कंपन्यांत शनिवार-रविवार जोडसुट्टीचे. राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून मिळाला. त्याच कंपन्यांच्या इमारतींतील पहारेकरी, सफाई कामगार, खाणावळीतील आचारी यांची सुट्टी मात्र पाळीप्रमाणे फिरते. संगणक अभियंत्याला सोमवार जड वाटतो, कारण त्याच्या आधीचे दोन दिवस त्याचे असतात. पहारेकऱ्याला सोमवार जड वाटत नाही. म्हणून तो अधिक आनंदी स्वभावाचा, असे अनुमान कोणी काढणार नाही.

वारांविषयीच्या धारणा माणसाबद्दल काहीच सांगत नाहीत असे नाही. त्या पुष्कळ सांगतात : त्याचा वेळ कोणाच्या मालकीचा आहे, त्याचे नाव कोणी कोणत्या वहीत लिहिले, त्याच्या घरी कोणत्या कहाण्या कोणाला उद्देशून वाचल्या गेल्या. व्यक्तिमत्त्व म्हणून जे वाचले जाते, ते बहुतांशी या नोंदींचे वाचन असते. कहाणी वाचणाऱ्या बाईला एवढे तरी माहीत होते, की शनिवारी दारात आलेला माणूस कोण हे आधी सांगता येत नाही, आणि घरातली सून कोण हेही त्याला न्हाऊ घालेपर्यंत ठरत नाही.