टायटनफॉल २: गेम भारी, मग मागे का पडला?

रिस्पॉन एंटरटेनमेंटचा 'टायटनफॉल २' हा सायन्स फिक्शन शूटर गेम २८ ऑक्टोबर २०१६ रोजी आला. यात तुम्ही असता जॅक कूपर हा साधा रायफलमन. सोबतीला बीटी-७२७४ हा अवाढव्य लढाऊ रोबो, म्हणजेच टायटन.

काय आवडतं?
भिंतींवरून धावत, हवेतच दुसरी उडी मारत गोळीबार करण्याची मजा. 'इफेक्ट अँड कॉज' या लेव्हलमध्ये तर एका बटणावर भूतकाळ आणि वर्तमानात ये-जा करता येते. आज कोसळलेली वाट भूतकाळात शाबूत सापडते. शिवाय कूपर-बीटीची मैत्री जीव लावते.

काय खटकतं?
कथा साधारण सहा तासांत संपते. खलनायक येतात, मरतात, पण लक्षात राहत नाहीत. मल्टिप्लेअरचा वेग नवख्यांना झेपत नाही.

मग चुकलं कुठे?
तारखेत. प्रकाशक ईएने आठवडाभर आधी स्वतःचाच 'बॅटलफिल्ड १' आणला होता. आठवड्याभरानंतर 'कॉल ऑफ ड्यूटी: इन्फिनिट वॉरफेअर' आला. या कात्रीत सापडून विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली.

मल्टिप्लेअरला गर्दी लागते, कथेला नाही. त्यामुळे एकट्याने खेळायला हा गेम आजही तितकाच भारी आहे.