आधी पोरांचे पाय

साताऱ्याकडच्या आमच्या आजोळी पेन्शनीत आलेले सुभेदार पुष्कळ. त्याच तालुक्यातल्या अपशिंग्याला तर सगळे 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आमचे आबा, म्हणजे आईचे वडील, त्याच्या पुढच्या पिढीतले. मराठा पलटणीत शिपाई म्हणून गेले आणि सुभेदार होऊन घरी आले.

आबांना लढाईची गोष्ट सांगा म्हटलं की ते पायांची सांगायचे. १९४१ साली इरिट्रियात केरेनच्या डोंगरावरची इटालियन ठाणी घ्यायची होती. उभा चढ, रखरखीत खडक, पाणीसुद्धा खालून वाहून न्यायचं. आम्ही पोरं विचारायचो, गोळ्या किती झाडल्या? आबा सांगायचे त्यांच्या नाईकाचं. रात्री तो एकेकाला बूट काढायला लावी, बोटांच्या बेचक्यांत बघे, टाचेवर फोड दिसला की मोजे बदलायला लावी, आणि मग स्वतःचे बूट सोडी. "पोरांचं पाय बघितल्याबिगर नाईकानं निजायचं न्हाय," आबा म्हणायचे. एक लंगडला की त्याचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि मग सगळी तुकडीच मागं पडते.

पुढं इटलीत त्यांच्याच तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक यशवंत घाडगे होते. आबांची आणि त्यांची ओळख होती असं मावशी सांगते. आई म्हणते, नुसतं ऐकून माहीत. १० जुलै १९४४ ला मशीनगनच्या माऱ्यात घाडग्यांची तुकडी जागीच पडली, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. ठाणं घेतलं आणि तिथंच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

पण आबांचा जीव जास्त नामदेव जाधवांवर. ते पहिल्या बटालियनचे, नगर जिल्ह्यातले आणि साधे शिपाई. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी आधी दोन जखमींना पाण्यातून, पेरलेल्या सुरुंगांतून मागं सुखरूप आणलं, मग मशीनगनची ठाणी मोडली, आणि शेवटी बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत बाकीच्यांना पुढं बोलावलं. "बाहीवर एक फीत न्हवती," आबा सांगायचे, "तरी समदी त्याच्या मागनं गेली. आधी जखमी उचललं ना त्यानं!"

घरी आबा पंगतीत कायम शेवटी बसत. आजी कुरकुरायची, "ह्यांच्यापायी माझी भाकरी रोज गार हुती." पोरं, गडी, अवचित आलेला पाहुणा, सगळ्यांची ताटं झाली की खर्डा-भाकरी घेऊन आबा बसायचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ते मुकादम होते. सुकडी वाटताना ओळ लांबच्या टोकाकडून सुरू करायची, हा त्यांचा दंडक. पाण्याची घागरही आधी लेकुरवाळ्या बायांकडं जायची. त्या कामावर भांडणं झाली नाहीत म्हणे. झालीही असतील थोडी. पण त्यांच्या हाताखाली काम केलेल्या म्हाताऱ्या अजून त्यांना 'सुभेदारदादा' म्हणतात, हे मी स्वतः ऐकलं आहे.

पुढारपणावरची पुस्तकं मीही वाचली आहेत. आबांची सगळी नोकरी मात्र मला याच क्रमात दिसते: आधी हाताखालची माणसं, मग आपण. हुकूम त्यानंतर. ज्याच्या टाचेचा फोड तुम्ही बघितला, त्याला चढावर चल म्हणायचा हक्क तुम्हाला मिळतो.

मामेभाऊ नाईक झाला तेव्हा पेढे घेऊन पाया पडायला आला. आबांनी त्याला विचारलं, "तुझ्या सेक्शनात किती पोरं?" त्यानं आकडा सांगितला. "नावं?" तीही सांगितली. "आन घरी कोण आजारी हाय कुणाचं?" तो गप्प झाला. "मग जा, आधी ते इचारून ये," आबा म्हणाले, "पेढा नंतर खातो."