'क्रेप्स' म्हणजे काय रे भाऊ?

आजचा एपिसोड मला एका केसपेपरने दिला.

मागच्या पावसाळ्यात आमचे आबा न्यूमोनियाने ॲडमिट होते. केसपेपरवर एक शब्द दिसला, 'क्रेप्स'. मी पडलो सॉफ्टवेअरवाला; कळलं नाही की सर्च मारायचा, ही सवय. रात्री दोनला हॉस्पिटलच्या बाकावर बसून सर्च मारला तर क्रेपिटेशन, क्रॅकल्स, राल अशी आणखी तीन नावं समोर! आबांना आजार तरी किती झालेत? जाम घाबरलो. नंतर कळलं, आवाज एकच, नावं चार. मग हा गोंधळ घातला कुणी?

त्यासाठी आधी व्हिएन्नाला जाऊ. १७६१ मध्ये लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक छापलं. म्हणणं साधं होतं: छातीवर बोटांनी ठोका. आत हवा असेल तर पोकळ आवाज येतो, पाणी भरलं असेल तर बद्द. त्याच्या वडिलांची खाणावळ होती. तिथे पिंपात वाइन किती उरली हे ठोकून बघायचे, त्यावरून त्याला सुचलं असं सांगतात. पण पुढची चाळीसेक वर्षं फार थोड्यांनी लक्ष दिलं. १८०८ मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कोर्विझार याने ते फ्रेंचमध्ये आणलं, तेव्हा कुठे ही पद्धत पसरली.

रेने लेनेक हा कोर्विझारचाच विद्यार्थी. १८१६ मध्ये पॅरिसला त्याच्याकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुणी आली. अंगाने स्थूल, त्यामुळे ठोकून काही कळेना. छातीला कान लावणं तर त्या काळात बरं दिसेना. त्याने कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर, दुसरं आपल्या कानाला. ठोके पूर्वी कधी नव्हते इतके स्पष्ट ऐकू आले! पुढे त्याने लाकडी नळी बनवली. नाव ठेवलं स्टेथोस्कोप. ग्रीकमध्ये अर्थ होतो 'छाती बघणारा'. ऐकायचं यंत्र आणि नाव बघण्याचं!

पण नाव चुकीचं नव्हतं. लेनेक वॉर्डात ऐकलेलं लिहून ठेवायचा आणि पेशंट दगावला तर शवविच्छेदनात तोच भाग उघडून बघायचा. कानाने केलेला अंदाज डोळ्यांनी तपासायचा. आम्ही प्रोग्रॅमचं आउटपुट तपासतो ना, तसंच. फक्त इथे उत्तर फार महागात मिळायचं.

आता या आवाजांना नावं हवी होती. फुफ्फुसातल्या जादा आवाजांना त्याने 'राल' म्हटलं. त्यातला एक प्रकार तापलेल्या भांड्यात मीठ तडतडावं तसा, तेच आपलं क्रेपिटेशन, म्हणजे 'क्रेप्स'. १८१९ मध्ये पुस्तक आलं. पण पंचाईत झाली. साध्या फ्रेंचमध्ये राल म्हणजे मरणाऱ्याच्या घशातली घरघर. डॉक्टर खाटेशी उभा राहून 'राल' म्हणाला की पेशंटचा धीरच सुटायचा. म्हणून पेशंटसमोर लेनेक त्याच आवाजांना लॅटिनमध्ये 'राँकस' म्हणू लागला. हेतू चांगला होता, पण पुढच्या डॉक्टरांना हे दोन वेगळे आवाज वाटले. कुणी ओल्या आवाजाला राल म्हणे, कोरड्याला राँकस. १९८५ मध्ये टोकियोच्या परिषदेत नावं एकसारखी करायला तज्ज्ञ बसले. तिथे क्रॅकल्स हा शब्द पक्का झाला. केसपेपरवर मात्र अजून क्रेप्सच!

लेनेक १८२६ मध्ये क्षयाने गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी. हा आजार त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या छातीत ऐकला होता.

मला मात्र एकच गोष्ट लागून राहिली. पेशंटला भीती वाटू नये म्हणून शब्द लपवला, पण न कळलेल्या शब्दानेच मला रात्रभर जागवलं.

सकाळी राउंडला आलेल्या ज्युनियर डॉक्टरला मी सरळ विचारलं. तिने स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला. आबांच्या पाठीवर, खाली उजवीकडे, श्वास आत जाताना बारीक तडतड. "बंद पडलेल्या जागा उघडतायत," ती म्हणाली, "कालच्यापेक्षा कमी आहे."

आबांनी मान वळवली. "काय रे, काय ऐकलंस?"

"मीठ तडतडतंय आबा. पण कालपेक्षा कमी."

"मग ठीक," आबा म्हणाले आणि चहा मागितला.

तर मंडळी, पुढच्या वेळी केसपेपरवरचा शब्द कळला नाही, तर सर्च मारायच्या आधी विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!