सस्पेंशन लिफ्ट किट

सस्पेंशन लिफ्ट किट हा ऑफ-रोड वाहनाची चासी आसापासून अधिक उंच करणारा सुट्या भागांचा संच आहे. त्यात मुख्यतः लांब स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात. जीप रँग्लरसारख्या अखंड आसाच्या वाहनात आसाची जमिनीपासूनची उंची मात्र मोठ्या टायरांनीच वाढते.

बसवणी

चासी स्टँडवर टेकवून व आस जॅकने पेलून जुने स्प्रिंग काढतात. आस खाली उतरवताना ब्रेकच्या नळ्यांवर ताण येऊ देत नाहीत. शेवटी चाकांचे अलाइनमेंट व हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवतात.

धोके व कायदा

गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर वाहन उलटण्याचा धोका वाढतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले.